‘एनसी होईल’: कोल्हापुरातल्या एका शाळेचा प्रश्न दिल्लीपर्यंत कसा गेला

या प्रकरणातली शाळा, पेठ आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून तपशील बदलले आहेत. मुलांची वयं आणि इयत्ताही थोड्या इकडंतिकडं केल्या आहेत. कायद्याची कलमं आणि संसदेतल्या तारखा मात्र जशाच्या तशा. शाळेबाहेर मुलांना होणारी तंबाखूविक्री थांबवायला निघालेल्या पालक-शिक्षकांच्या या गटात कागद लिहायचं काम माझ्याकडं होतं, त्यामुळं हे लांबून बघणाऱ्याचं टिपण नाही. जिथं चुकलो तिथं मीही होतो.

पार्श्वभूमी

शहराच्या जुन्या भागातली अनुदानित माध्यमिक शाळा. मुलं आसपासच्या गल्ल्यांतली. कुणाचे वडील शिरोलीच्या फौंड्रीत, कुणाचे उद्यमनगरात लेथवर, कुणी रिक्षावाले. आया धुण्याभांड्याला जातात, काही जणी घरी बसून चपलांच्या वेण्या घालतात. फाटकाबाहेर वडापावचा गाडा, झेरॉक्सचं दुकान आणि पानटपऱ्या.

जून २०२३ मध्ये शाळा सुरू झाली आणि तिसऱ्याच आठवड्यात आठवीच्या वर्गशिक्षकांना एका मुलाच्या कंपासपेटीत मावा सापडला. मावा म्हणजे काय हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. इतरांसाठी सांगतो: कातरलेली सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या कागदात घालून टपरीवाला तुमच्यासमोर घोटून देतो. पाकीट नाही, छापील वेष्टन नाही, त्यामुळं कर्करोगाचं चित्रही नाही. राज्यात गुटखाबंदी २०१२ साली आली, पुढं सुगंधी तंबाखू, खर्रा आणि मावा यांनाही मनाई झाली. हे आदेश वर्षावर्षाने नव्याने काढले जातात. टपरीवर घोटणं मात्र कधी थांबलं नाही.

शाळेत आठवड्यातून एकदा येणाऱ्या समुपदेशक ताईंनी त्या पोराला रागावलं नाही. ‘तोंड उघड, तीन बोटं उभी घालून दाखव,’ एवढंच म्हणाल्या. निरोगी तोंडात स्वतःची तीन बोटं उभी जातात. याची दोन गेली, तिसरं अडलं. सुपारीने तोंडाच्या आतलं अस्तर कडक होत जातं, जबडा उघडेनासा होतो, आणि ही कर्करोगाच्या आधीची पायरी असू शकते. वय तेरा.

मग ताईंनी वर्गात वेगवेगळ्या पोरांशी बोलून पाहिलं. मावा खाणारी आणखी निघाली. एका मुलाच्या बाबतीत गोष्ट वेगळी होती. त्याच्या रुमालाला पंक्चरच्या सोल्युशनचा वास होता, ते हुंगून नशा करतात. तो संध्याकाळी एका दुकानात हाताखाली काम करायचा आणि सोल्युशनचा डबा तिथं दिवसभर उघडाच असायचा.

अडचण नेमकी काय होती

पहिली बैठक मुख्याध्यापिका बाईंच्या खोलीत झाली. वर्गशिक्षक, ताई, चार पालक, मी आणि कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले एक आजोबा. त्यांना सगळे आप्पा म्हणतात. त्यांचा नातू याच शाळेत शिकतो.

आप्पांनी आल्या आल्या विचारलं, ‘शाळेच्या भिंतीवर बोर्ड कुठाय?’ सिगारेट आणि इतर तंबाखू उत्पादनांच्या २००३ च्या कायद्यातलं कलम ६ दोन गोष्टींना मनाई करतं. अठरा वर्षांखालच्यांना विक्री आणि शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या आत विक्री. या दुसऱ्या मनाईचा फलक शाळेनेच बाहेर लावायचा असतो. आमच्या शाळेने तो कधीच लावला नव्हता. बाई गप्प झाल्या, मग म्हणाल्या, ‘उद्या रंगाऱ्याला बोलवते.’ टपरीवाल्याकडं बोट दाखवायला निघालेल्यांची सुरुवात अशी झाली.

आता मोजणी. १०० यार्ड म्हणजे ९१.४४ मीटर. आम्ही आधी फाटकापासून रस्त्याने टेप धरला, तर पाच टपऱ्या आत आल्या. आप्पांनी नियम काढून वाचला: अंतर कुंपणाच्या बाहेरच्या कडेपासून सरळ रेषेत, वर्तुळाच्या त्रिज्येसारखं मोजायचं. म्हणजे मागच्या बोळातल्या, रस्त्याने लांब पण भिंतीला जवळ असलेल्या टपऱ्याही आल्या. पाचाच्या आठ झाल्या. त्यातली एक, मागच्या बोळाच्या तोंडाशी असलेली, कंपासपेटीत मावा सापडलेल्या मुलाच्या सख्ख्या मामाची होती.

त्याची आई दुसऱ्या दिवशी शाळेत आली. ‘बाई, मी सकाळी सहाला कामाला जातो, रात्री येतो. पोरगं मामाकडं बसतंय म्हणून मी निवांत होतो. आता भावावरच केस घालू काय?’ (आमच्याकडच्या बायका ‘जातो-येतो’ असंच बोलतात, छपाईची चूक समजू नये.)

तिसरी गोष्ट आम्हाला पोलीस ठाण्यात कळली, आणि पुढचं सगळं प्रकरण तिच्यामुळं वळलं. बाल न्याय अधिनियम २०१५ चं कलम ७७ आप्पांनी वहीत उतरवून नेलं होतं: मुलाला दारू, अमली पदार्थ किंवा तंबाखूजन्य पदार्थ देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. तंबाखू कायद्याचा दंड आहे २०० रुपयांपर्यंत. दोनशेची पावती आणि सात वर्षं, एवढा फरक. आम्हाला वाटलं, हत्यार सापडलं.

ठाण्यातल्या अधिकाऱ्याने वही नीट वाचली. माणूस सभ्य होता, टाळाटाळ करणारा नव्हता. म्हणाला, ‘काका, कलम बरोबर आहे. पण आता याची एफआयआर होत नाही. एनसी होईल.’ एनसी म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद.

आप्पांचा विश्वास बसला नाही. त्यांच्या नोकरीत सात वर्षांच्या शिक्षेचा गुन्हा अदखलपात्र असल्याचं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. घरी येऊन शोधलं, तर अधिकारी बरोबर निघाला. २०२१ च्या दुरुस्तीने या अधिनियमाच्या कलम ८६ मध्ये बदल झाला होता. तीन ते सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेचे गुन्हे आधी दखलपात्र होते, ते अदखलपात्र झाले. म्हणजे दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. मुलाला नशेचे पदार्थ देणं (कलम ७७) आणि मुलाकडून ते विकून घेणं (कलम ७८), दोन्ही त्यात आले.

हे विधेयक १५ मार्च २०२१ ला लोकसभेत आलं आणि २४ मार्चला मंजूर झालं. राज्यसभेत ते २८ जुलैला गदारोळात मंजूर झालं, आणि १ सप्टेंबर २०२२ पासून बदल लागू झाले. दत्तकाचे आदेश न्यायालयाऐवजी जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी द्यायचे, हा त्या विधेयकाचा गाजलेला भाग. त्याच्या सावलीत ८६ वालं पोटकलम गेलं. मूळचं २०१४ चं विधेयक संसदेच्या स्थायी समितीकडं तपासणीला गेलं होतं. ही दुरुस्ती लोकसभेत नऊ दिवसांत पार पडली. नंतर दिल्ली, पंजाबसह काही राज्यांच्या बालहक्क आयोगांनी या बदलाला हरकत घेतली, ते आम्हाला शोधताना समजलं. कोल्हापुरातल्या कुठल्याच पालकाला याचा पत्ता असण्याचं कारण नव्हतं.

समोर कोणते पर्याय होते

कोल्हापुरात कुठलाही प्रश्न आला की पहिली सूचना मोर्चाची येते. टोल घालवलेलं हे शहर. रिक्षावाले पालक म्हणाले, ‘बिंदू चौकातनं निघू, कलेक्टर ऑफिसवर जाऊ, दोन तालमी येतील.’ मला यात गैर काही वाटलं नाही. पण मोर्चाची मागणी काय? ‘मावा बंद करा’? तो कागदावर बंदच होता.

दुसरी सूचना मोहक होती. ओळखीचा एक मुलगा मोबाइलवर बातम्या करतो. तो म्हणाला, ‘एका पोराला वीस रुपये देऊन पाठवा, मी लांबनं शूट करतो, चोवीस तासांत टपरी बंद.’ यावर गटात खरी भांडणं झाली. पालकांचं म्हणणं, पुराव्याशिवाय कोण ऐकणार? ताईंचं म्हणणं, पुराव्यासाठी आपणच एका मुलाला तंबाखू घ्यायला लावणार काय? शिवाय बाल न्याय अधिनियमाचं कलम ७४ आहे. पीडित किंवा साक्षीदार मुलाची ओळख माध्यमांत उघड केली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. चेहरा धूसर केला तरी गणवेश, चाल आणि गल्ली पेठेतल्या लोकांना लपत नाही. व्हिडिओ करायचा नाही असं ठरलं, पण ते सात विरुद्ध सहा अशा कुरबुरीनेच.

त्याऐवजी मोठ्या माणसांनी बारा दिवस नोंद ठेवली. तारीख, वेळ, टपरीचा क्रमांक, विकत घेणारा गणवेशात होता की नाही. कुणाचं नाव नाही, फोटो नाही. रटाळ काम होतं आणि निम्मे लोक चौथ्या दिवशी गळाले. शेवटी ती नोंद झेरॉक्सवाल्या काकांनी पुरी केली, कारण ते तिथंच बसलेले असायचे.

तिसरा पर्याय एनसी नोंदवून दंडाधिकाऱ्यांकडं जायचा. मामाच्या बाबतीत आईच तयार नव्हती. तिला डावलून पुढं जायचं का, यावर आप्पा आणि ताई दोन टोकांना होते. आप्पांचं म्हणणं, गुन्हा मुलाविरुद्ध आहे, आईने माफ करायचा प्रश्न येत नाही. ताई म्हणाल्या, मामा तुरुंगात गेला तर त्या पोराचं संध्याकाळचं घर जातं आणि सगळ्या भावकीत तो ‘मामाला आत घालणारा’ ठरतो. कायद्याच्या दृष्टीने आप्पा बरोबर होते. मी ताईंच्या बाजूने मत दिलं आणि आजही देईन.

चौथा पर्याय संसदेचा. तो कुणाच्या डोक्यात नव्हता. ऑगस्ट २०२३ मध्ये पेपरात छोटी बातमी आली: सामाजिक न्याय आणि सक्षमीकरणविषयक संसदीय स्थायी समितीने तरुणांमधल्या व्यसनांवर अहवाल मांडला. वर्गशिक्षकांनी ती कापून आणली. ‘तिथं आपलं म्हणणं पाठवायला पाहिजे होतं,’ असं ते म्हणाले. पाहिजे होतं, पण अहवाल मांडून झाला होता. अशा समित्या विषय हाती घेतात तेव्हा जाहिरात देऊन लोकांकडून निवेदनं मागवतात आणि मुदत बहुधा पंधरा दिवसांची असते. आमच्यापैकी कुणी ती जाहिरात पाहिली नव्हती.

आप्पांना मात्र संसदेच्या समित्यांबद्दल फारसं प्रेम नव्हतं. त्यांनी २०१५ ची गोष्ट काढली. तंबाखूच्या पाकिटावर ८५ टक्के जागेत इशारा छापायचा नियम १ एप्रिल २०१५ पासून लागू व्हायचा होता. सरकारने केलेले नियम तपासणाऱ्या लोकसभेच्या दुय्यम विधीविधान समितीने तो थांबवायची शिफारस केली. समितीचे अध्यक्ष आपल्याच राज्यातले, नगरचे खासदार दिलीप गांधी. तंबाखूने कर्करोग होतो असं दाखवणारा भारतीय अभ्यास नाही, असं त्यांनी तेव्हा म्हटलं होतं. समितीतले दुसरे एक सदस्य स्वतः विडीच्या धंद्यातले होते. नियम वर्षभर लांबला आणि १ एप्रिल २०१६ ला लागू झाला. ‘छाननी म्हणजे आपल्याच बाजूची छाननी असं समजू नका,’ आप्पा म्हणाले. आमच्या जिल्ह्यात हे जास्तच खरं. निपाणी हाकेवर, कागल-गडहिंग्लजकडं तंबाखूचं पीक, विडी वळणाऱ्या बायका. तंबाखूविरुद्ध सरसकट बोलणारा कागद घेऊन गेलो तर कुठलाही लोकप्रतिनिधी चहा पाजून परत पाठवील.

म्हणून ठरवलं की शेतकरी, विडी कामगार आणि मोठ्यांचं व्यसन या कशालाच हात घालायचा नाही. फक्त मूल आणि त्याला विकणारा.

काय केलं

एका खासदारांच्या संपर्क कार्यालयात गेलो. ते कोणत्या सभागृहाचे, कोणत्या पक्षाचे हे मुद्दाम सांगत नाही. आम्ही दोन पानी मसुदा नेला होता. समितीची निवेदनं हिंदी किंवा इंग्रजीतच घेतात हे वाचून आम्ही सगळंच हिंदीत केलं होतं. वर्गशिक्षक हिंदीचे, त्यांनी मनापासून लिहिलं होतं: ‘विद्यालय के सामने बच्चों को मावा बेचा जा रहा है।’ तिथल्या स्वीय सहायकाने वाचलं आणि हसू दाबत म्हणाला, ‘सर, दिल्लीत मावा म्हणजे खवा. मंत्रालयाला वाटेल पोरं बर्फी खायलीत.’

हसलो खरे, पण त्या माणसाने पुढचा अर्धा तास जे शिकवलं ते आम्हाला कुठल्याच कार्यशाळेत मिळालं नसतं. पहिलं, कोल्हापुरातल्या टपऱ्यांवर संसदेत प्रश्न विचारता येत नाही. सार्वजनिक आरोग्य आणि पोलीस हे राज्याचे विषय. केंद्र सरकारच्या अखत्यारीत नसलेली बाब प्रश्नाच्या नियमांत बसत नाही, सचिवालय पहिल्याच चाळणीत काढून टाकतं. दुसरं, आम्ही प्रश्न आरोग्य मंत्रालयाला लिहिला होता आणि कलम ७७ त्यांचं नाहीच. ‘बाल न्याय कायदा महिला व बालविकासकडं,’ तो म्हणाला.

मग त्याच टेबलावर आम्ही वाटणी केली. तंबाखू कायदा आरोग्य मंत्रालयाचा. बाल न्याय अधिनियम महिला व बालविकासाचा. व्यसनमुक्ती केंद्रं आणि नशामुक्त भारत अभियान सामाजिक न्यायाचं. अमली पदार्थांची तस्करी बघणारा विभाग गृह मंत्रालयाखाली. संसदेच्या समित्याही त्याच खाचांनी कापलेल्या. आरोग्याची वेगळी, सामाजिक न्यायाची वेगळी, आणि मुलं बसतात ती शिक्षण, महिला, मुले, युवक व क्रीडा यांच्या समितीत. आमच्या आठवीतल्या एका पोराचे दिल्लीत चार तुकडे झाले होते, आणि प्रत्येक समितीला फक्त आपल्या तुकड्याबद्दल विचारायचा अधिकार.

सोल्युशनवाल्या मुलाला तर तुकडाही मिळेना. कलम ७७ मध्ये दारू, अमली पदार्थ, तंबाखू, मनावर परिणाम करणारे पदार्थ येतात. पंक्चरचं सोल्युशन किंवा थिनर यातलं काहीच नाही. आणि २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात, जे दिल्लीच्या एम्सने केलं, मोठ्यांपेक्षा मुलांमध्ये जास्त आढळलेला प्रकार एकच, हुंगण्याच्या पदार्थांचा. मदतीची गरज असलेली अशी मुलं सुमारे ४ लाख ६० हजार असल्याचा त्यांचा अंदाज होता. म्हणजे मुलांचं म्हणून जे खास व्यसन, तेच मुलांसाठीच्या कायद्याबाहेर. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेचा, जी भारताने डिसेंबर १९९२ मध्ये स्वीकारली, अनुच्छेद ३३ सुद्धा आंतरराष्ट्रीय करारांत नोंदलेल्या अमली पदार्थांपुरताच बोलतो.

इथं आमचा एक निर्णय झाला, आणि तो बरोबर होता की नाही यावर मी अजून ठाम नाही. एकाच प्रश्नात तंबाखू आणि सोल्युशन दोन्ही घातले तर दोन कायदे, दोन मंत्रालयं, प्रश्न ढिला होतो. स्वीय सहायक म्हणाला, एक काहीतरी धरा. आम्ही कलम ८६ धरलं. सोल्युशन पुढच्या अधिवेशनासाठी ठेवलं.

समितीला पत्र की सभागृहात प्रश्न, हाही वाद झाला. समितीकडं निवेदन दिलं की तो तिचा कागद होतो, गोपनीय राहतो, आपण तो छापून वाटला तर हक्कभंगाचा विषय होऊ शकतो. आम्हाला पेठेत याबद्दल बोलायचं होतं, पालकसभेत वाचून दाखवायचं होतं. प्रश्न आणि उत्तर मात्र सभागृहापुढं आलं की सगळ्यांचं. म्हणून प्रश्न. विनंती अर्जाचा मार्गही होता, पण त्याला वेळ लागतो आणि आमचा उत्साह किती टिकेल याची मलाच खात्री नव्हती.

शेवटचा मसुदा चार ओळींचा झाला. कलम ७७ आणि ७८ खाली दरवर्षी किती गुन्हे नोंदले गेले. १ सप्टेंबर २०२२ आधीची आणि नंतरची संख्या काय. कलम ८६ मधील बदलाचा मुलांच्या संरक्षणावर काय परिणाम झाला याचा आढावा सरकारने घेतला आहे काय. नसल्यास घेणार काय. खासदारांनी तो आपल्या भाषेत थोडा बदलून पाठवला.

पहिल्या अधिवेशनात तो लागलाच नाही. खूप सूचना येतात, सोडत निघते, आमचा क्रमांक आला नाही. आम्हाला वाटलं, दाबला. तसं काही नव्हतं. पुढच्या वेळी तो अतारांकित म्हणून आला, म्हणजे लेखी उत्तर, उपप्रश्नाची सोय नाही, आणि तोही दुसऱ्या सदस्यांच्या जवळपासच्या प्रश्नांबरोबर एकत्र बांधलेला.

हाती काय आलं

उत्तर दीड पानाचं होतं. कलम ७७ आणि ७८ काय म्हणतात ते पुन्हा सांगितलेलं, केंद्राच्या योजनांची यादी, आणि अंमलबजावणी ही राज्यांची जबाबदारी असल्याचं वाक्य. आम्हाला हवे होते ते आधीचे-नंतरचे आकडे नव्हते. आढावा घेतला का, या प्रश्नाला होही नाही, नाहीही नाही. आप्पांनी चष्मा काढला आणि म्हणाले, ‘कोर्टात असं उत्तर दिलं असतं तर साहेबांनी साक्षीदाराला झाडला असता.’

मी खचलो होतो. बाईंनी मात्र ते ‘राज्यांची जबाबदारी’ वाक्य पेन्सिलीने अधोरेखित केलं. ‘हे आपल्याला कलेक्टर ऑफिसला देता येईल की.’ तंबाखू नियंत्रणासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली समन्वय समिती असते. तिच्यापुढं आम्ही तीन कागद ठेवले: संसदेतलं उत्तर, भिंतीपासून त्रिज्येने मोजलेला नकाशा, बारा दिवसांची नोंद. माझ्या अंदाजाने वजन नकाशाचं पडलं. संसदेच्या उत्तराने दार उघडलं. त्या अर्जाला नुसती पोच मिळून तो फायलीत गेला नाही, विषयपत्रिकेवर आला.

त्यानंतर अन्न व औषध प्रशासन आणि पोलीस यांनी दोनदा मोहीम केली. मावा जप्त झाला, पावत्या फाटल्या. आठातल्या पाच टपऱ्या हलल्या. त्यातली एक दिवाळीनंतर परत आली आणि अजून आहे. एकाने तंबाखू सोडून बिस्किटं-चहा सुरू केला, तो म्हणतो धंदा निम्मा झाला, आणि खोटं बोलत असेल असं वाटत नाही.

मामाची टपरी मोहिमेच्या आधीच हलली. ते कायद्याने झालं नाही. बहिणीने रक्षाबंधनाला राखी बांधायला नकार दिला, एवढंच आम्हाला समजलं. तो आता लांबच्या चौकात मोठ्यांना मावा विकतो. पोरगं संध्याकाळी त्याच्याकडं बसत नाही, तालमीत जातं. वस्तादांची अट आहे की तोंडात काही दिसलं तर लंगोट परत. ताई दर महिन्याला बोटं घालून बघतात. तिसरं बोट अजून पुरतं जात नाही. दंतवैद्यांनी सांगितलंय, झालेलं अस्तर मागं फारसं येत नाही, पुढं वाढू द्यायचं नाही.

पुन्हा करायचं झालं तर

सुरुवात शाळेच्या फलकापासून करीन, आणि तक्रारीच्या आधी. जिल्ह्याच्या समन्वय समितीत एका अधिकाऱ्याने पहिला प्रश्न तोच विचारला होता: तुमचा बोर्ड कधी लागला? तारीख सांगताना बाईंचा आवाज उतरला.

मंत्रालय कोणतं हे आधी बघीन. चुकीच्या दारात आमचे अडीच महिने गेले. त्यात एक अधिवेशन हुकलं.

मामाच्या बाबतीत थांबलो ते ठीक. पण बाकी सात टपऱ्यांशी कुणाचं नातं नव्हतं. त्यातल्या एकाविरुद्ध, जो नोंदीत गणवेशातल्या पोरांना सर्रास विकताना दिसत होता, एनसी देऊन दंडाधिकाऱ्यांकडून तपासाचा आदेश मागायला हवा होता. वाट लांबची होती, बंद नव्हती. आम्ही ‘एनसी होईल’ हे ‘काही होणार नाही’ असं ऐकलं आणि सगळं बळ दिल्लीकडं लावलं. तो एक आदेश मिळाला असता, किंवा नाकारला गेला असता, तरी कलम ८६ मुळं प्रत्यक्षात काय होतं याचं खरं उदाहरण हातात राहिलं असतं. संसदेत विचारायला आमच्याकडं प्रश्न होता, उदाहरण नव्हतं.

विधानसभा आम्ही पूर्ण विसरलो. महिला व बालकांचे हक्क व कल्याण यांची समिती मुंबईत आहे, लक्षवेधी आहे, तारांकित प्रश्न आहेत. टपरी, पोलीस, अन्न प्रशासन हे सगळं राज्याचं. केंद्राच्या कलमाला दिल्ली आणि अंमलबजावणीला मुंबई, असे दोन प्रश्न एकाच महिन्यात गेले असते तर एकमेकांवर ढकलायला जागा कमी राहिली असती.

मुलांना विचारायला हवं होतं. बालहक्क संहितेच्या अनुच्छेद १२ वर मी शिबिरांत बोलतो: मुलाशी संबंधित गोष्टीत मुलाचं म्हणणं ऐका. इथं आम्ही मुलांना वाचवायच्या नादात त्यांच्याशी फक्त ताईच बोलल्या. नंतर नववीच्या एका पोरीने सहज सांगितलं की मावा टपरीवरून कमी येतो, वर्गातला एक मुलगा दहा-दहा आणून सुट्टीत विकतो, दोन रुपये वर घेऊन. म्हणजे विकणाराही मूल. त्याला पकडायचं की जपायचं, यावर आमची अजून एकही बैठक झालेली नाही.

आणि सोल्युशन. ‘पुढच्या अधिवेशनात’ असं म्हणून जे बाजूला ठेवलं ते बाजूलाच राहिलं. त्या मुलाला ताई दोनदा सरकारी रुग्णालयात मानसोपचाराच्या ओपीडीला घेऊन गेल्या. तिथल्या डॉक्टरांनी वेळ दिला, पण बाकावर शेजारी सगळी दारू सोडायला आलेली मोठी माणसं, तो तिसऱ्यांदा यायला तयार झाला नाही. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं मूल म्हणून बालकल्याण समितीकडं नेता आलं असतं. व्यसनाकडं ओढलं जाण्याचा धोका असलेली मुलं त्या व्याख्येत येतात. आम्ही तेव्हा कलम ७७ मध्ये इतके गुंतलो होतो की ते सुचायला दिवाळी उजाडली.

दिवाळीच्या सुट्टीनंतर तो शाळेत आला नाही. वर्गशिक्षक दोनदा घरी गेले, कुलूप होतं. शेजारी म्हणाले, ऊसतोडीला गेले असतील, किंवा इचलकरंजीला. पंक्चरच्या दुकानात आता दुसरा मुलगा आहे. याचा दाखला शाळेतच आहे, न्यायला कुणी आलेलं नाही.